उभी डिझेल गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना



गळीत हंगाम संपला, चिमणीचा धूर थांबला, की आम्हा वर्कशॉपमधल्या मंडळींकडे एक ठरावीक चौकशी सुरू होते. कोणी ऊस बिलाच्या निमित्ताने कारखान्यावर येतो, कोणी खतासाठी येतो, आणि जाता जाता दारात उभा राहून विचारतो, "साहेब, आमची जुनी मॅटाडोर सहा-सात वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी टाकली तर चालू होईल का हो?"

प्रश्न साधा आहे. आमचे उत्तरही साधे असते. चालू होईलही कदाचित. जुनी डिझेल इंजिने दणकट असतात. पण गाडी चालू होणे ही एक गोष्ट आणि गाडी रस्त्यावर आणण्याजोगी होणे ही दुसरी. या दोहोंमधले अंतर आम्ही स्वतः एकदा फार महागात मोजणार होतो. थोडक्यात वाचलो. तो प्रसंग आधी सांगतो, म्हणजे पुढचे सगळे का सांगत आहोत ते ध्यानात येईल.

आमची चूक

कारखान्याची एक जुनी डिझेल व्हॅन होती. टपाल, औषधे, किरकोळ सामान आणायला ती वापरात असे. नवी गाडी आली आणि ही स्टोअरच्या मागे उभी राहिली. पाच वर्षे तिच्याकडे कोणी बघितले नाही. मग एका ऐन हंगामात नवी गाडी बंद पडली आणि सगळ्यांना जुनीची आठवण झाली. आम्ही बॅटरी बदलली, दहा लिटर ताजे डिझेल ओतले, एअर काढली, आणि तिसऱ्या सेलला इंजिन सुरू झाले. टाळ्या वाजल्या, नारळ फुटला. ड्रायव्हरने जागच्या जागी ब्रेक दाबून पाहिला, पायाला घट्ट लागला. झाले, गाडी निघाली.

काट्याकडून खाली येणाऱ्या उतारावर समोर ट्रॅक्टर आला म्हणून ड्रायव्हरने जोराने ब्रेक दाबला. पेडल तळाला गेले. पुढच्या चाकाचा रबरी ब्रेक पाइप आतून कुजला होता, जोर पडताच तो फुटला. हँडब्रेक ओढला तर तार गंजून जाम. ड्रायव्हर जुना, डोके शांत ठेवणारा. त्याने गाडी बगॅसच्या ढिगात घातली. गाडी थांबली, कोणाला खरचटलेही नाही. परंतु त्याच जागी थोड्या वेळापूर्वीपर्यंत बैलगाड्यांची रांग उभी होती आणि गाडीवानांची पोरेबाळे गाड्यांच्या सावलीत बसलेली होती. ती रांग पुढे सरकली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही करवत नाही.

त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपात एक नियम झाला. उभी गाडी आधी थांबायला शिकवायची, मग चालायला. या लेखातले सारे या एका वाक्यात आहे. बाकीचा तपशील.

कारखाना दर वर्षी हेच करतो

तसे पाहिले तर आपला कारखाना ही दर वर्षी सहा-सात महिने उभी राहणारी गाडीच आहे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, मोळी टाकली जाते, ते आपण सर्व जण पाहायला येता. पण त्या आधी काय होते? मिलचे रोलर उघडले जातात, बेअरिंगे तपासली जातात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पाण्याच्या दाबाखाली त्यांची चाचणी होते, सरकारी बॉयलर निरीक्षक येऊन पाहून जातात. "मागच्या हंगामात चालत होते, म्हणजे आताही चालेल" असे कोणी म्हणत नाही. उभे राहिल्यानेही यंत्र बिघडते. चालून झिजते तसे उभे राहून गंजते, चिकटते, कुजते. कारखान्याला जो न्याय, तोच शेडमधल्या गाडीला.

आधी हिशेब, मग पाना

सभासदांत मॅटाडोर पुष्कळ. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनीत ती तयार होई. याच कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. आपण कोणत्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणतो, तो शब्दही मुळात जर्मनीतल्या एका गाडीच्या नावावरून आलेला आहे. मॅटाडोर निघणे बंद होऊन बरीच वर्षे झाली. तेव्हा सामान मिळवायला हिंडावे लागते, हे धरूनच चालावे.

म्हणून पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका. वही घ्या. गाडीखाली जाऊन सांगाडा, म्हणजे चेसिस पाहा. पाट्यांचे हँगर जिथे चेसिसला जोडलेले असतात ती जागा, स्टिअरिंगचा खोका बसवलेली जागा, जॅक लावायच्या जागा आणि पायाखालचा पत्रा, येथे लहान हातोडीने टकटक करा. चांगले लोखंड खणखणीत बोलते. कुजलेले भदभद वाजते, पापुद्रे पडतात. वरचा पत्रा बदलता येतो. चेसिस कुजली असेल तर तिथेच थांबा.

आपल्या भागात एक गोष्ट हमखास दिसते. गाडी आणि खताची पोती एकाच शेडमध्ये. पोटॅशच्या खतात क्लोराइड असते, ते हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. दोन पावसाळ्यांपूर्वी आम्ही एका सभासदाची व्हॅन पाहायला गेलो होतो. वरून रंग चकचकीत, काचा शाबूत. मागच्या बाजूला वर्षानुवर्षे पोत्यांची थप्पी टेकलेली. तिथल्या चेसिसमध्ये स्क्रू-ड्रायव्हर सरळ आत गेला. वडिलांनी उसाच्या पहिल्या मोठ्या बिलातून घेतलेली गाडी होती. घरातल्यांचा जीव तिच्यात होता. तरी आम्ही "नको" म्हटले. आठवण जपायची तर स्टिअरिंग काढून घरात ठेवा, पण ही गाडी पोरांच्या हाती देऊ नका, असे सांगून आलो.

चेसिस चांगली असेल तर वहीत तीन रकाने करा. पहिल्यात नक्की लागणारा खर्च: ब्रेकचे रबरी सामान, टायर-ट्यूब, बॅटरी, फिल्टर, तेल, रबरी पाइप. दुसऱ्यात बहुधा लागणारा: डिझेल पंप आणि नोझलची तपासणी, रेडिएटर, वायरिंग. तिसऱ्यात लागला तर लागेल असा: इंजिन उघडणे, क्लच, गिअर. पहिल्या दोन रकान्यांची बेरीज परवडत असेल तरच पुढे जा. अर्ध्यावर सोडलेली गाडी म्हणजे पैसेही गेले आणि गाडीही गेली.

शेडमध्ये हात घालण्यापूर्वी

बंद गाडी म्हणजे उंदरांचा वाडा. उंदीर असले की मागोमाग साप आलाच. तेव्हा सीटखाली, बॉनेटमध्ये एकदम हात घालू नका. आधी दारे उघडून, काठीने आवाज करून, बॅटरीच्या उजेडात पाहा. हवेच्या नळीत आणि सायलेन्सरच्या तोंडात गांधीलमाश्या घर करतात. एअर क्लिनरमध्ये उंदराचे घरटे हे तर ठरलेले. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होतो, म्हणून हातमोजे घाला, नाकाला फडके बांधा, घाण ब्लीचिंगच्या पाण्याने ओली करून मगच काढा. हाताला जखम असेल त्या माणसाने हे काम करू नये.

गाडी उचलाल तेव्हा केवळ जॅकवर विसंबून खाली शिरू नका. भक्कम लाकडी ठोकळे लावा, उरलेल्या चाकांना दगड लावा. "दोन मिनिटांचे काम" म्हणून शिरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

पहिले काम ब्रेकचे

ब्रेकच्या तेलाचा एक स्वभाव आहे. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीचे कोरडे तेल २०५ अंश सेल्सियसच्या खाली उकळत नाही. त्यातच ओलावा मुरला की हा आकडा १४० अंशांपर्यंत उतरतो. घाटात ब्रेक तापले की असले तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जाते. शिवाय त्या ओलाव्याने मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर आतून गंजतात.

म्हणून चारही चाकांचे ड्रम उतरवावेत. सर्व सिलिंडर उघडून आतली भिंत पाहावी. खड्डे पडले असतील तर सिलिंडरच बदलावा, नसतील तर रबरी किट नवे टाकावे. रबरी ब्रेक पाइप वरून कितीही चांगले दिसोत, सगळे नवे घ्यावेत. आमचा जो फुटला तोही वरून चांगलाच दिसत होता. लोखंडी नळ्या हाताने चाचपडून गंज पाहावा. सगळे जुने तेल काढून डबीवर लिहिलेल्या प्रतीचे, नवे, बंद डबीतले तेल भरावे. आणि एक कळकळीचे सांगणे: ब्रेकचे सामान धुवायला डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक अडकतात.

ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो आणि ती धूळ छातीत गेली की बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या, फडके फेकून द्या.

डिझेल गाडीत ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनमधून आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. पुढे इंजिन सुरू करण्याची वेळ आली की याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर ठीक. जागचे हलले नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यांत दोष आहे. याच कारणाने उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नये. दोन थेंब डिझेल वाचवण्यासाठी ब्रेकची ताकद घालवण्यात काय अर्थ आहे?

हँडब्रेकची तार सोडवा, वंगण द्या, नाही सुटली तर नवी टाका. ती हौसेसाठी दिलेली नसते.

टायर: नक्षी नव्हे, वय पाहा

"टायर तर नवेच आहेत, नक्षी पूर्ण आहे," असे पुष्कळ जण म्हणतात. टायर रबराचा आहे, तो बसल्या जागी म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत शेवटी चार अंक असतात. २३१२ असे असेल तर तो २०१२ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. तीनच अंक असतील तर तो २००० सालापूर्वीचा आहे, त्याची चर्चाच नको. बाजूला भेगा, एका जागी उभे राहून पडलेला चपटेपणा, ट्यूबच्या व्हॉल्व्हजवळ चीर, यांपैकी काही दिसले तर टायर बैलगाडीला द्या, पण या गाडीला नको.

टाकीतले जुने डिझेल

आता इंधनाकडे येऊ. अर्धी भरलेली टाकी उभी राहिली की रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतला ओलावा पाणी होऊन तळाला साचतो. डिझेल हलके, पाणी जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जंतू वाढतात व काळा-तपकिरी गाळ धरतो. डिझेलही जुने होऊन चिकट होते. टाकीच्या तळाचा नट काढून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्या व तासभर ठेवा. खाली पाणी, मध्ये गाळ, वर डिझेल असे थर डोळ्यांनी दिसतील.

असे डिझेल गाळून पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. पंपाच्या आतल्या भागांतली फट केसाहून कितीतरी बारीक असते. पाण्याचा एक थेंब तिथे गंज धरायला पुरे. टाकी उतरवून धुवा, वाळवा, दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाका, रबरी पाइप नवे टाका.

पाइपांबाबत आणखी एक गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ प्रतीचे डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाख भागांत १० भागांपर्यंतच असते, आधीच्या स्टेज-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. हवेसाठी हे चांगले. पण गंधक काढताना डिझेलची घडणही थोडी बदलते. जुन्या डिझेलवर वर्षे काढलेली पंपाची सीले नव्या डिझेलमध्ये आकसून गळू लागतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. तेव्हा पंप उघडलाच आहे तर सीले नवी टाकून घ्यावीत. जुन्या गाड्यांवर बहुधा मायकोचा पंप असतो. मायको म्हणजेच आजची बॉश. पंप आणि नोझल हे घरी उघडायचे काम नव्हे. चाचणी बेंच असलेल्या डिझेल पंपवाल्याकडेच ते न्यावे.

इंजिन हाताने फिरवा

किल्ली मारण्याची घाई हीच सर्वांत मोठी चूक. सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढून रिंगा चिकटलेल्या असतात. कुठे गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेले असते. डिझेल इंजिनात हवा सुमारे वीसपट दाबली जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी आडवे येते, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ट्रॅक्टरला टोचन लावून उभी गाडी चालू करण्याच्या नादात असाच रॉड वाकवून आणलेले इंजिन आमच्याकडे आले होते. पाचशे रुपये वाचवायला गेले आणि इंजिन गेले.

योग्य रीत अशी. हीटर प्लग किंवा नोझल काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन तेल व डिझेलचे मिश्रण सोडा. एक-दोन दिवस तसेच राहू द्या. मग गिअर न्यूट्रलला ठेवून, पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने सावकाश फिरवा. अडले तर जोर करू नका, थोडे मागे फिरवा, पुन्हा तेल सोडा, पुन्हा वाट पाहा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले, की भोके उघडीच ठेवून थोडा सेल मारा, आतले तेल-पाणी बाहेर फेकले जाईल. त्या वेळी भोकांसमोर तोंड नेऊ नका. ज्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे तिचा बेल्ट या आधीच बदला. रबरी बेल्टही बसून म्हातारा होतो.

तेल, पाणी, वायर

जुन्या इंजिन तेलात आम्ल आणि ओलावा असतो. ते सुरू करण्यापूर्वीच बदलावे, आणि पहिले शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर फिल्टरसह पुन्हा एकदा. दोनदा तेल घालणे जिवावर येते, पण बेअरिंगपेक्षा तेल स्वस्त.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नका. आपल्याकडच्या बोअरचे पाणी जड, त्याची खपली धरते. कारखान्यात बॉयलरला आम्ही बोअरचे कच्चे पाणी कधी देतो का? मग इंजिनला का द्यावे? शुद्ध पाणी व कूलंट योग्य प्रमाणात भरावे. होज पाइप दाबून पाहावेत, कडक झाले किंवा फुगले असतील तर बदलावेत.

वायरिंग हे उंदराचे आवडते खाद्य. बॅटरी जोडण्यापूर्वी सगळ्या वायरी डोळ्यांखालून घाला. उघड्या पडलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, तो तुकडा बदला. बॅटरी पूर्ण चार्ज झाली तर स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वर्षानुवर्षे उतरून पडलेली बॅटरी बहुधा परत उठत नाही. चार्ज करताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

पहिला सेल

गाडी शेडच्या बाहेर, मोकळ्या हवेत आणा. आता एक धोका नीट समजून घ्या. पंपात डिझेल कमी-जास्त करणारी दांडी असते. उभे राहून ती पुढच्या बाजूला चिकटली असेल तर इंजिन सुरू होताच वेग वाढत जातो आणि किल्ली फिरवून ते थांबत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, डिझेल आणि हवा मिळेल तोवर ते पळतच राहते, अगदी फुटेपर्यंत. म्हणून सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करायची तार व पंपावरचा लिव्हर मोकळा हलतो का ते पाहा. एक माणूस हवेच्या नळीच्या तोंडाशी जाड सपाट फळी घेऊन उभा करा. इंजिन सुटले तर त्याने फळी तोंडावर दाबून हवा बंद करायची. हात किंवा फडके लावायचे नाही, ते आत ओढले जाते.

एअर काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. फीड पंपाचा हातपंप मारत आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की बंद करा. मग पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल मारा, डिझेल आले की घट्ट करा. नोझलमधून निघणाऱ्या फवाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला शंभर किलोहून अधिक असतो. तो कातडीतून आत शिरतो. बोट लावून पाहण्याची चीज ती नव्हे. तसे कधी झालेच तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

बंद करायची तार ओढून धरून आधी थोडा सेल मारा, म्हणजे तेलाचा दाब वर येईल. मग तार सोडा, हीटर द्या आणि सेल मारा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये थोडी विश्रांती. स्टार्टिंग स्प्रे मारू नका. गरम हीटर प्लगवर ईथर पडले की आतल्या आत स्फोट होतो, पिस्टन तुटतात.

इंजिन लागले की आधी तेलाचा दाब पाहा, मग धूर. पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला तर ते थंडपणाचे लक्षण. येतच राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत गेले तर हेड गॅस्केट पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. रिंगा मोकळ्या होईपर्यंत थोडा येईल. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त.

पहिली फेरी बांधावरच

पहिला दिवस शेताच्या सपाट रस्त्यावर काढा. चालण्याच्या वेगाने ब्रेक, मग थोडा वेग, पुन्हा ब्रेक. एका बाजूला ओढते का, क्लच सुटतो का, स्टिअरिंगला खेळ किती, हे पाहा. तीन-चार किलोमीटर झाल्यावर उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापले असेल तर तिथला ब्रेक अडकतो आहे. हे सगळे होईपर्यंत गाडीत माल नाही, माणूस नाही, आणि डांबरी रस्ताही नाही.

कागद नसतील तर गाडी नाही

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा असल्याखेरीज गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. हा नुसता दंडाचा प्रश्न नाही. विमा नसताना कोणी जखमी झाले वा दगावले तर भरपाई मालकाला घरातून द्यावी लागते, आणि शेतकऱ्याच्या घरात घर आणि जमीन याखेरीज असते काय? मालाच्या गाडीत मजूर भरून नेणेही असेच. अपघात झाला की विम्याचा आधार गळून पडतो.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे नमुना २५ चा अर्ज करून, गाडी तपासून घेऊन, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांनंतर ते दर वर्षी. याखेरीज प्रदूषण तपासणीचा दाखला, जुन्या गाडीचा पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर पाटी. तपासणीला गाडी न्यायची ती विमा काढूनच, किंवा दुसऱ्या वाहनावर चढवून. फीचे दर बदलत असतात, तेव्हा खर्च करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करून तो आकडा वहीच्या पहिल्या रकान्यात लिहा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर वारस नोंद आधी. आणि पुढे कधी मालवाहू गाडी उभी ठेवायची वेळ आली तर वापरात नसल्याची सूचना त्या कार्यालयात आगाऊ द्या, नाही तर उभ्या गाडीचाही कर चढत राहतो.

गाडी मोडीत काढायचे ठरले तर गावातल्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या, त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, आणि नोंदणी रद्द करून घ्या. नोंदणी तुमच्या नावे जिवंत आणि गाडी दुसऱ्याच्या हाती, हा प्रकार वाईट.

शेवटी

गेल्या उन्हाळ्यात एका सभासदाने आपली मॅटाडोर याच क्रमाने उभी केली. घाई केली नाही. चैत्रात वही केली, मृगाआधी ब्रेक-टायर झाले, पंप तालुक्याहून करून आणला, श्रावणात कागद झाले. आज ती उसाची रोपे पोचवते. "इंजिनाला दोन दिवस लागले, बाकीच्याला चार महिने," असे तो हसत सांगतो. आमच्या मते त्याचे गणित अगदी बरोबर आहे.

कोणाची गाडी शेडमध्ये असेल आणि मनात असेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी एकदा आमच्याकडे येऊन बोला. चेसिस पाहायला आम्ही येऊ, त्याला पैसे पडत नाहीत. आणि कोणी टोचन लावायला ट्रॅक्टर काढलाच असेल, तर कृपा करून तो परत गोठ्याकडे न्या.

— वर्कशॉप व वाहन विभाग